अर्की आज आले नव्हते का?

जुलैतला रविवार. पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की पाळकसाहेबांची सुरुवातीची प्रार्थना दुसऱ्या बाकाच्या पलीकडे पोचली नसावी. त्यात लाइट गेलेली, माइक मुका. आणि शास्त्रपाठाची पाळी माझी. जूनपासून बायबलमधलं उत्पत्तीचं पुस्तक क्रमाने चाललं होतं आणि दहावा अध्याय, म्हणजे नोहाच्या तीन मुलांच्या वंशजांची लांबलचक यादी, कुणाच्या गळ्यात पडणार यावरून महिला मंडळात आधीच थट्टा झाली होती. पडला माझ्याच. चष्मा घरी फ्रिजवर राहिलेला, हातात सासऱ्यांचं जुनं बायबल, अक्षर मुंगीएवढं. याफेथाची मुलं कशीबशी पार केली. हामाच्या घराण्यात निम्रोद भेटला तेव्हा परक्या लग्नात एखादा ओळखीचा चेहरा दिसावा तसं बरं वाटलं. मग आला हामाचाच मुलगा कनान. त्याला सीदोन झाला, हेथ झाला, इथवर मी आले आणि पुढच्या दोन-तीन ओळींत नुसती काळी रांग सरकताना दिसली. मी एक श्वास घेतला आणि म्हणाले, "...आणि कनानाची इतर कुळं." तिथून उडी मारली ती थेट एकोणिसाव्या वचनावर, जिथे कनान्यांची हद्द सांगितली आहे, सीदोनापासून गज्जापर्यंत. गज्जा हे नाव वाचताना हल्ली कुणीच अडखळत नाही.

कुणाच्या काही लक्षात आलं नाही. गीत सुरू झालं, दानाची थैली फिरली, प्रवचन झालं. उपासना सुटल्यावर दाराशी छत्र्यांचा आणि चपलांचा नेहमीचा गोंधळ होता. मी माझी एक चप्पल शोधत वाकले होते, तेवढ्यात वरून आवाज आला, "सूनबाई, आज अर्की आले नव्हते का?" आमच्या मंडळीतले गुरुजी. वय चौऱ्याऐंशी. चाळीस वर्षं शाळेत हजेरी घेतलेली. मला आधी कळेचना कोण अर्की. "अर्की, शीनी, अर्वादी," ते म्हणाले. "नऊ पोरं गैरहजर होती. बोटं मोजली मी." मी हसले. गुरुजी हसले नाहीत. छत्री उघडून पावसात निघून गेले.

घरी आल्यावर कुकर लावला, चष्मा लावला आणि ते पान काढलं. यबूसी, अमोरी, गिर्गाशी, हिव्वी, अर्की, शीनी, अर्वादी, समारी, हमाथी. नऊच.

माझ्या माहेरी रोज संध्याकाळी कौटुंबिक उपासना व्हायची. आजीचा नियम असा की अध्याय जिथे संपला तिथून दुसऱ्या दिवशी पुढे. आवडीचे अध्याय निवडायची सोय नाही. त्यामुळे वर्षा-दोन वर्षांतून एकदा ही वंशावळ यायचीच. आम्ही पोरं तिची वाट बघायचो, पण ती चहाटळपणासाठी. अर्की म्हटलं की मी आणि धाकटा भाऊ एकमेकांना कोपर मारायचो, कारण आमच्याकडे अर्क म्हणजे एक नंबरचा बेरकी माणूस, आणि घरात असा एक अर्क होता: वडिलांचा चुलतभाऊ, तोही उपासनेला समोरच बसलेला. शीनी म्हणजे चिनी याबद्दल तर आम्हाला शंकाच नव्हती. आजीला अक्षरओळख नव्हती. पण इतक्या वर्षांत ती रांग तिच्या कानात पक्की बसली होती. एखादं नाव गळलं की तिची जपमाळेसारखी चाललेली मान थांबायची. "पायरी चुकली गं," एवढंच म्हणायची. नाव कुठलं ते तिला सांगता यायचं नाही, पण चुकलेल्या पायरीला पाय बरोबर अडखळायचा. रॉकेलच्या कंदिलाचा वास आणि ती "पायरी चुकली" अजून माझ्या डोक्यात एकत्र आहेत. गुरुजींच्या त्या वाक्यावर मी हसले खरी, पण ते पोटात जाऊन बसलं ते बहुधा यामुळे.

कॉलेजात माझी एक बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातली, मैत्रीण होती, अलिबागकडची. आडनाव कोकणातल्या त्यांच्या बहुतेकांसारखं, गावाला कर लावलेलं. नव्वदच्या सुमारास ती इस्राएलला गेली, आता अश्दोदला असते. हिब्रू तिची रोजची झाली आहे, पण फोनवर अजून "अगं बाई" म्हणते. त्या रविवारी रात्री मी तिला सहज विचारलं की हे अर्की म्हणजे नेमके कोण. ती म्हणाली, "अगं, ते पोराचं नाव नाहीच. पत्ता आहे तो. तुमचं-आमचं कर असतं ना, तसा तिथे शेवटी ई लागतो. अर्काचा तो अर्की. पेणचा पेणकर, तसा."

हे कळल्यावर ती वंशावळ मला वेगळीच दिसायला लागली. सीदोन आणि हेथ ही दोनच नावं एकट्या माणसाची वाटावीत अशी. बाकीचे नऊ म्हणजे कनानाच्या घरी जन्मलेले पेणकर, रोहेकर, चिपळूणकर. कुणा बाईच्या पोटी चिपळूणकर जन्माला येत नाही. आधी गाव असतं, मग त्या गावातून बाहेर पडलेला माणूस असतो, आणि दुसऱ्या गावातली माणसं त्याला त्या नावाने हाक मारतात. म्हणजे हा वंशवृक्ष नव्हेच. कुणीतरी भोवतालच्या गावांकडे बघून त्यांची नाती जुळवली आहेत: हा थोरला, हा धाकटा, हे सख्खे, ते चुलत. नकाशाच आहे तो, फक्त रेघांऐवजी रक्त वापरलेलं. त्यातले शेवटचे पाच तर उत्तरेकडचे शेजारी शेजारी आहेत. अर्का आजच्या लेबनॉनमध्ये, शीनींचं सियान्नू, अर्वादचं बेट आणि समारींचं सुमूर सीरियाच्या किनारपट्टीवर, आणि हमाथ म्हणजे सीरियातलं हमा. नावांच्या रांगेतून समुद्राचा खारा वारा यायला लागला एकदम.

अर्का अजून आहे. लेबनॉनच्या अगदी वरच्या टोकाला अक्कार नावाचा मुलूख आहे, त्रिपोली शहरापासून ईशान्येला वीस-बावीस किलोमीटरवर. नदीकाठी टेकाड आणि टेकाडाला नाव तल्ल अर्का. नदीही अर्काच. तल्ल म्हणजे नुसती टेकडी नव्हे. माणसांनी एकावर एक घरं बांधली, पडली, जळली, पुन्हा बांधली, आणि त्यातून उंच झालेली जमीन. आमच्या नगर जिल्ह्यात याला पांढरी म्हणतात. प्रवरेच्या, गोदावरीच्या काठाने गेलात तर अशा पांढऱ्या पावलोपावली. राखेची मऊ माती, पावसाळ्यात पाय घसरतो, खापऱ्या वर येतात. पूर्वी लोक ती गाड्या भरभरून शेतात नेऊन टाकायचे. नेवाशाला डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९५० च्या दशकात अशीच टेकाडं खणली. अर्काचं टेकाड फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी १९७२ पासून खणायला घेतलं, मध्ये लेबनॉनचं यादवी युद्ध येऊन गेलं. फोटोत बघितलं तेव्हा पायथ्याशी शेती आणि वर कापलेल्या मातीचे थर. नेवाशाच्या लाडमोड टेकडीवर उभं राहून घेतलाय म्हटलं असतं तरी मी मान डोलावली असती.

बायबलमध्ये अर्कींचा उल्लेख दोनदाच. एकदा उत्पत्तीत, आणि पुन्हा 'पहिला इतिहास' या पुस्तकात, जिथे तीच यादी उतरवून घेतली आहे. म्हणजे खरा एकदाच. त्यांनी काय केलं, काय खाल्लं, कुणाशी भांडले, काही नाही. पण इजिप्तमध्ये अमार्ना इथे १८८७ साली मातीच्या साडेतीनशेहून जास्त विटकरी सापडल्या, इसवी सनापूर्वी साधारण १३५० च्या आसपासच्या. फॅरोच्या दरबाराचा पत्रव्यवहार. त्यातल्या एका विटकरीवरचं पत्र या गावाचं आहे. तेव्हा गावाचं नाव इर्काता. गावचा राजा अदुना मारला गेल्याची बातमी शेजारच्या गुबल्याचा राजा रिब-हद्दा आपल्या पत्रात देतो. आणि इर्कात्याच्या पत्रावर कुठल्याच राजाचं नाव नाही. गाव आणि गावातली वडीलधारी मंडळी लिहितायत. आम्ही तुमच्या पायाशी सात वेळा आणि पुन्हा सात वेळा लोटांगण घालतो, आम्ही तुमच्यासाठी गाव राखून आहोत, राजाचा श्वास आमच्यापर्यंत पोचेस्तोवर वेशीचा दरवाजा बंद ठेवू, आमच्यावरची लढाई फार म्हणजे फारच बिकट आहे. मला ते वाचताना तहसीलदाराला दिलेले अर्ज आठवले. खाली सही म्हणून नुसतं "समस्त ग्रामस्थ". सरपंच नसला, पळाला, मेला, की अर्ज असाच जातो. श्वास काही वेळेवर पोचला नसावा. ते शहर शेवटी अमुरूच्या राज्यकर्त्यांच्या हातात गेलंच.

वेशीचा बंद दरवाजा आणि आत बसलेली म्हातारी माणसं. यांना मी "इतर कुळं" म्हणाले होते.

दुसरा पुरावा ब्रिटिश म्युझियममधल्या एका दगडावर आहे. अश्शूरचा राजा तिसरा शल्मनेसर याने इसवी सनापूर्वी ८५३ मध्ये ओरोंटेस नदीकाठी कर्कर इथे लढाई केली आणि समोर कोण कोण होतं त्याची मोजदाद कोरून ठेवली. दमास्कसचा राजा बाराशे रथांसह. हमाथचा राजा सातशे रथ घेऊन. इस्राएलचा अहाब दोन हजार रथ आणि दहा हजार शिपाई घेऊन. मग छोटी छोटी माणसं: अर्कींचे दहा रथ आणि दहा हजार शिपाई (दहा रथांमागे दहा हजार हे गणित मला काही पटत नाही, कोरणाऱ्याचा हात सैल असावा), अर्वादचे दोनशे, सियान्नूचे तीस रथ, आणि वाळवंटातून आलेला एक अरब हजार उंटांसकट. म्हणजे माझ्या गैरहजर पोरांपैकी चार जण इथे हजर. अर्की, शीनी, अर्वादी, हमाथी. आणि त्यांच्याच बाजूने, खांद्याला खांदा लावून, अहाब. एलिया संदेष्ट्याचा छळ करणारा, ईजबेलचा नवरा, आमच्या शब्बाथ शाळेतला पक्का खलनायक. बायबल या लढाईबद्दल अवाक्षर काढत नाही. लहानपणापासून मी कनानी हा शब्द ऐकला तो फळ्याच्या पलीकडच्या बाजूला लिहिलेला. इकडे आपण, तिकडे ते. आणि दगडावर बघावं तर सगळे एका ओळीत उभे, कारण उत्तरेकडून येणाऱ्याला त्यांच्यातला फरक कळत नव्हता आणि कळून घ्यायचाही नव्हता.

त्या दगडातली एक गंमत मला फार आवडली. शल्मनेसर म्हणतो, बारा राजे होते. नावं मोजली तर अकराच भरतात. सम्राटाच्या कारकुनानेही कुणालातरी "इतर"मध्ये ढकललं होतं तर.

पण सगळंच असं गोड नाही. ही यादी येते ती नोहाने कनानाला दिलेल्या शापानंतर लगेच. बाप झोपलेला, चूक हामाची, शाप मात्र पोराला. या शापाचा आधार घेऊन अमेरिकेत गुलामगिरीचं समर्थन करणारे पाद्री होऊन गेले. आमच्याकडेही हा भाग वाचताना पाळक जरा घाईत असतात. पुढे ज्यांचा देश घ्यायचा आणि ज्यांचा समूळ नाश करायचा अशी जी सात राष्ट्रं बायबलच्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात सांगितली आहेत, त्यांत यबूसी आहेत, गिर्गाशी आहेत, हिव्वी आहेत. अर्की नाहीत. फार उत्तरेला राहिले म्हणून असेल. कुणी त्यांच्यावर चालून गेलं नाही म्हणून त्यांची गोष्ट नाही, आणि गोष्ट नाही म्हणून मी त्यांना गाळू शकले. यात त्यांचं भाग्य किती आणि उपेक्षा किती, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. माझ्या पणजोबांच्या वडिलांचं नाव घरात कुणाला ठाऊक नाही. गावदप्तरात ते होते, पण जातीच्या नावाने. माणूस म्हणून वेगळी ओळ नव्हती. म्हणून की काय, नऊ नावांतलं एकही व्यक्तीचं नाही, सगळी गठ्ठ्याची आहेत, हे लक्षात आल्यावर आधी झालेला आनंद थोडा उतरला. अर्की म्हणजे कोण एक? शेवटी त्यांच्यातल्या एका अदुनाचं नाव आपल्याला कळतं, तेही तो मारला गेल्यामुळे.

पुढचा इतिहास मी भराभर वाचला. रोमन काळात गावाला सीझरचं नाव मिळालं आणि तिथे जन्मलेला एक मुलगा, अलेक्झांडर सेव्हेरस, २२२ मध्ये रोमचा सम्राट झाला. तेरा वर्षांनी त्याच्याच शिपायांनी त्याला मारलं. १०९९ मध्ये पहिल्या क्रूसेडची फौज यरुशलेमेला जाता जाता इथे तीन महिने वेढा घालून बसली आणि गाव काही पडलं नाही. त्या वेढ्यातला एक दिवस मात्र मला पुढे जाऊ देईना. पीटर बार्थोलोम्यू नावाचा एक गरीब माणूस फौजेत होता. येशूच्या कुशीत खुपसलेला भाला मला दृष्टांत होऊन अंत्युखियात सापडला, असं तो सांगायचा. लोकांचा विश्वास डळमळायला लागला, तेव्हा तो म्हणाला, मी विस्तवातून चालून दाखवतो. ऑलिव्हच्या वाळक्या फांद्यांचे दोन ढीग रचले, मध्ये माणूस जाईल एवढीच वाट, आणि दोन्ही बाजू पेटवल्या. दिवस उत्तम शुक्रवारचा, म्हणजे गुड फ्रायडेचा. तो भाला घेऊन आत शिरला, पलीकडे निघाला, आणि बारा दिवसांनी मेला. उत्तम शुक्रवारी आमच्याकडे येशूच्या वधस्तंभावरच्या सात शब्दांची उपासना होते, बाहेर कडक ऊन, आत तीन तास पंखे घरघरत असतात. त्याच दिवशी, अर्काच्या टेकाडाखाली, आमच्याच प्रभूचं नाव घेऊन हे चाललं होतं. आणि तटावरून अर्कातले लोक बघत असणार. त्यांना काय वाटलं असेल? त्यांचं पत्र या वेळी नाही.

मैत्रिणीचा पुन्हा फोन आला तो एक दुरुस्ती घेऊन. दाविद राजाचा मित्र हूशय, जो दाविदाच्या बंडखोर मुलाच्या, अबशालोमाच्या, दरबारात शिरून त्याचा सल्लागार अहिथोफेल याची मसलत उधळतो, तोही अर्की. मी इतकी वर्षं त्याला याच कनानी घराण्यातला धरून बसले होते. "छे गं, तो अर्की वेगळा," ती म्हणाली. "त्याचा अर्की आलेफ आणि काफ या अक्षरांनी. हे तुझे गैरहजर अर्की आयिनने आणि कोफने. घशातून काढायचे." तिने फोनवर दोन्ही म्हणून दाखवले. मला दोन्ही सारखेच ऐकू आले. मराठीत आल्यावर दोन्ही बिचारे अर्की. हेच आयिन-रेश-कोफ अरबीत ऐन-रे-क़ाफ होतं, आणि आपला काढ्याचा, बडीशेपेचा अर्क अरबीतून आला तोही याच तीन अक्षरांतून. नात्याचा दावा मी करत नाही, पण भावाला हे लगेच कळवलं.

पंडिता रमाबाई या वयात कशा हिब्रू शिकल्या असतील, असं अशा वेळी वाटतं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं आणि काम उरकून १९२२ च्या एप्रिलमध्ये गेल्या. तिथल्या छापखान्यात खिळे जुळवायचं काम मुली-बायकांकडे. त्यांतल्या कितीतरी दुष्काळातून उचलून आणलेल्या, आई-बाप वाटेत मेलेले. त्या पोरी उभ्या राहून एकेक अक्षर उलटं लावतायत: अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा ढमका. खिळा गाळून चालत नाही, ओळ ढिली पडते.

माझं माहेरचं आडनावही कर लावलेलं. ते गाव मी पाहिलेलं नाही; जायकवाडीचं पाणी भरलं तेव्हा ते नाथसागराच्या पोटात गेलं. कडक उन्हाळ्यात पाणी हटलं की पांढरीचा एक पट्टा आणि देवळाचा चौथरा दिसतो म्हणतात. लग्नानंतर ते आडनावही गेलं. आता मी ज्यांची सून, त्यांचं नाव लावते, आणि मंडळीच्या वहीत मी त्यांच्या वंशावळीत आहे. कनानाच्या घरात अर्कींना घेतलं गेलं तसंच काहीसं. त्याचं मला दुःख आहे असं नाही. पण नाथसागराचं नाव बातम्यांत आलं, किती टक्के भरलं ते सांगायला लागले, की हातातलं काम थांबतं.

ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी घरउपासना गुरुजींकडे होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यावर हिरवा चष्मा, खाटेवर मांडी घालून बसलेले. गीत झालं आणि पाळकसाहेब स्तोत्र काढायला लागले तर गुरुजी म्हणाले, "दहावा अध्याय. सूनबाई वाचतील." मागून कुणीतरी चक्क उसासा टाकला, चहाला उशीर होणार होता. मी तयारीने आले होते. चष्मा होता, आणि घरी चार-पाचदा मोठ्याने वाचलेलंही. सावकाश वाचत गेले. सीदोन, हेथ, यबूसी, अमोरी. मग अर्की आले तेव्हा मी मुद्दाम जरा थांबले, आयिन जमतोय का तेही बघितलं, आणि हळूच गुरुजींकडे पाहिलं. त्यांनी बोट वर केलं होतं.

"मागे जा," ते म्हणाले. "हिव्वीच्या आधी काय म्हणालीस?"

"गिरगाशी."

"गिर्गाशी. रफार 'गा'च्या डोक्यावर आहे. तू तर पार गिरगावात नेऊन सोडलंस त्यांना."

सगळे हसले. या वेळी गुरुजीही. मी बोट मागे नेलं आणि सोळाव्या वचनापासून पुन्हा सुरुवात केली.